सिरियलमधलं दार

मंगळवार, संध्याकाळ. बालाघाट

माझ्या पिंकीसोबत तिची ती सिरियल आजही पाहिली. तेरा वर्षांच्या पोरीचं मन खरं दाखवलंय त्यात. उगाच रडणं, मैत्रिणीशी अबोला, सगळं. पण त्यातली आई कधीच चुकत नाही, हे काही पटलं नाही. अन् त्यातली पोरगी रागावली की खोलीचं दार आपटते. आमच्या दोन खोल्यांच्या मधात नुसती चौखट!

"मलेबी दार पाहिजे," पिंकी म्हणाली. मी हसली. ती रडाले लागली. काहून हसली मी?

मग चौखटीले जुन्या साडीचा पडदा बांधून दिला. चहा घेऊन गेली, पण पडद्यावर टकटक कशी करू? बांगड्या वाजवल्या.

"कोण आहे?"

घरात आम्ही दोघीच. तरी म्हटलं, "मी, आई."

ती म्हणाली, "ये."