मार्गारेटबाईंनी माझे पाय धरले तेव्हा

वेस्ट विंडसर, रविवार

तीर्थरूप मीनाक्षीआत्या,

साष्टांग नमस्कार (त्यातल्या पायांबद्दल पुढे लिहितो). तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू 'ठणठणीत' म्हणणार, आणि रेणू म्हणते की काका गेल्यापासून तू रात्रभर कूस बदलत असतेस. इतक्या लांबून निवाडा करणं बरं नव्हे, पण माझा कल तुझ्या लेकीकडे आहे.

इकडे माझी मान धरली होती. (रोजनिशीत आधी 'मोडली' लिहिलं, मग खोडलं.) सौ. कादंबरीने परस्पर एका बाईंची अपॉइंटमेंट घेतली. हाताने उपचार करतात एवढंच कळलं, म्हणून मी मालिश समजून बाहीला भोक पडलेला टीशर्ट घातला, शिवाय त्यांची गादी तेलकट होऊ नये म्हणून जुना टॉवेलही नेला. तेलाचा थेंब निघाला नाही. मार्गारेटबाई तुझ्याच वयाच्या. आपण कपड्यांसकट उताणं झोपायचं आणि त्या नुसते हात ठेवणार; दाबणं नाही, चोळणं नाही. हाताचा भार एका नाण्याएवढा. कवटीपासून माकडहाडापर्यंत कण्याभोवती जे पाणी असतं, त्याची संथ लय हाताला लागते आणि तिच्या कलाने घेतलं की शरीर सैल पडतं, असं त्यांचं म्हणणं. मी पुरावा विचारला. (आडवं पडून विचारावा का, हे मला घरी आल्यावर सुचलं.) त्या म्हणाल्या, "त्या लयीबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही. लोक निवांत होतात, एवढं मी पाहते." या उत्तराने माझा निम्मा संशय गेला.

मग त्यांनी सुरुवात केली ती पायांपासून. आत्या, तुझ्या वयाची बाई माझ्या टाचा हातात घेऊन डोळे मिटून बसलेली. मला काही राहवेना. ताडकन उठलो, टेबलावरून उतरलो आणि वाकून त्यांना नमस्कार केला. मानेत कट्‌कन आवाज झाला. "काहींचं असं होतं," बाई म्हणाल्या आणि मला पुन्हा झोपवलं. पुढे त्यांनी डोक्याखाली हात घातले, तर त्यांना ओझं नको म्हणून मी डोकं स्वतःच उचलून धरलं. "तुम्ही मला मदत करताय," त्या म्हणाल्या, "नका करू." केव्हा सोडलं ते कळलं नाही. जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने.

मान आता वळते. ती हातांमुळे, त्या कट्‌कनमुळे, की फोनशिवाय तासभर पडलो म्हणून, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. कादंबरी म्हणते, "वळते ना? मग मागे बघून गाडी काढ."

तुझा,
शंतनू

ता. क. ऑक्टोबरात आलीस की तुला मार्गारेटबाईंकडे नेणार नाही. तू त्यांनाच झोपवून आल्याचा चहा पाजशील.

आणखी एक. मी पाया पडायला वाकलो की तू लगेच 'पुरे पुरे, मोठा हो' म्हणत पाय मागे घेतेस. (केस पिकले, आणखी किती मोठा होऊ?) या वेळी सोफ्यावर नीट टेकून बस आणि 'पुरे' जरा उशिरा म्हण. मला येत काहीच नाही, नुसते धरून बसेन. झोप लागली तर रेणूला कळवणार नाही.