ओबिन्नाला गॅलरी काय म्हणते

१२ ऑक्टोबर २००२, बोळिंज

यमुना श्रीरंग चुरी — नावाआधी 'कैलासवासी' लिहिणे माझ्याच्याने अद्याप होत नाही, क्षमस्व. तू गेल्यावर वरच्या मजल्यावरील घर मुंबईच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबास भाड्याने दिले. तेथे त्यांचा खेळाडू ओबिन्ना राहतो. देश नायजेरिया; उंची आपल्या दाराच्या चौकटीस न मानवणारी. मला 'पापा चुरी' म्हणतो! आज माझ्या हातची सुकटीची आमटी जेवला आणि अत्यंत आदराने विचारता झाला, "मीठ विसरलात, की डॉक्टरांनी बंद केलंय?"

१५ ऑक्टोबर

मीठ घातले. आता म्हणतो, समुद्र बोळिंजपर्यंत आला!

२० ऑक्टोबर

प्रकरण उद्भवले. शेजारच्या नंदाखाल गावचा फेबियन — ओबिन्नाचा संघसोबती, त्याला रोज स्कूटरवरून सरावास नेणारा — भर सामन्यात ओरडला, "ए काळ्या, इकडे दे!" नव्या परदेशी प्रशिक्षकाने अर्थ विचारला आणि वर्णद्वेषाची तक्रार केली. सिद्ध झाल्यास फेबियनचा करार रद्द!

फेबियन धावत माझ्याकडे. "काका, तुम्ही मराठीचे एम.ए., तुम्हीच सांगा त्यांना! आमच्या गावात चार फेबियन. मला अख्खा गाव ढोपऱ्या म्हणतो — माझी आयपण! ज्याला नाव पाडलं नाय तो पाहुणा. ओबिन्ना काय पाहुणा हाय?"

तेवढ्यात जिन्यावरून ओबिन्नाची हाक — "ढोपऱ्या! स्कूटर!"

२१ ऑक्टोबर

क्लबासाठी अभिप्राय लिहिला. वसईच्या गावांतील टोपणनावांची परंपरा, अंगलक्षणांवरून पडणारी नावे, त्यांमागील आपुलकी. निष्कर्ष: सदर संबोधन स्नेहदर्शक असून अवमानकारक नाही. स्वाक्षरी फार दिवसांनी वळणदार आली.

२६ ऑक्टोबर

फेबियन निर्दोष! क्लबाने माझा निष्कर्ष वृत्तपत्रात छापून आणला. फेबियनने पेढे आणले. त्यांतील निम्मे ओबिन्नानेच संपवले.

३ नोव्हेंबर

आयुष्यात प्रथमच सामना पाहिला. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. ओबिन्नाच्या पायाशी चेंडू येताच सारी गॅलरी — "काळ्या! काळ्या!" शेजारचे गृहस्थ तर माकडाचे आवाज काढू लागले. मी त्यांना हटकले.

"अहो, प्रेमाचा शब्द आहे तो! पेपरात आलंय. कोणा एम.ए.नं लिहून दिलंय."

मी मध्यंतरातच उठलो.

संध्याकाळी ओबिन्नाला विचारले, तुला स्वतःला काय वाटते? अभिप्राय लिहिण्यापूर्वी हे विचारण्याचे मला सुचले नव्हते. तो हसला, नेहमीएवढा नाही.

"पापा चुरी, फेबियननं मला नाव दिलं, मी त्याला ढोपऱ्या म्हणतो. फिटंफाट! गॅलरीतल्या पाच हजारांना मी काय म्हणू?"

५ नोव्हेंबर

क्लबात गेलो. अभिप्राय मागे घेतो, म्हटले. चिटणीस म्हणाले, "सर, विषय संपला. आणि लोकांना मजा येतेय की!"

१० नोव्हेंबर

ओबिन्नाने क्लब सोडला. गोव्याच्या संघाकडे निघाला. फेबियन त्याची ट्रंक घेऊन जिना उतरला. निरोपास आला असावा, असे मला वाटले — परंतु फेबियनच्या खांद्यावर त्याची स्वतःचीही पिशवी होती. वरच्या घरास कुलूप लावले. किल्ल्या परत मिळाल्या.