अमेरिकन गाडी आणि कोपऱ्यातली खोली

अण्णा, तुमची गाडी बघायला काल माणसं आली होती. एक हैदराबादचे म्हातारे गृहस्थ आणि एक आपल्या नांदेडचा दातांचा डॉक्टर. वसतिगृहातल्या एका पोरीनं गाडीच्या टपावर ओढण्या वाळत घातल्या होत्या, तसाच फोटो काढून तिनं मोबाइलवर टाकला. तो फिरत फिरत जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर गेला आणि तिथं म्हणे हिच्यावरून जोरदार भांडणं जुंपली. गाडी कुठल्या सालची, यावर! नवऱ्या मुलीच्या पत्रिकेवरून भांडावं तसं. शेवटी हे दोघं ठरवून लातूरला आले आणि आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, पेपर अंथरून गाडीखाली शिरले. स्वयंपाकाच्या मावशी मला खुणावत म्हणाल्या, "ताई, एवढे शिकलेले लोकं गाडीखाली लोळून काय बघून राहिले वो?" मी म्हटलं, "बघू द्या. आपल्याला कुणी इतक्या कौतुकानं बघितलंय का कधी?"

तुम्हाला आवडली असती ती माणसं. डॉक्टर मागं वर निघालेल्या पत्र्याच्या पंखांवरून हात फिरवत म्हणतोय, हे पंख नंतरच्या सालच्या मॉडेलचेच, पैज लावतो. म्हातारे समोर उकिडवे बसून म्हणतात, "अरे मियाँ, जाली तो देखो, ये जाली उससे पिछले साल की है." दोघंही हट्टाला पेटलेले. मग मीच सांगितलं, की औशाच्या रस्त्याला म्हैस आडवी आली होती, पुढची जाळी पार चेपली, आणि वडिलांनी हैदराबादच्या भंगारातून मिळाली ती दुसरी आणून बसवली. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि लेकरासारखे हसले. तुम्ही ब्रशनं मारलेला तो हिरवा ऑइलपेंट, खिडक्यांना लावून उरलेला, त्याची मात्र मला लाज वाटत होती. डॉक्टरनं नखानं थोडा खरवडला तर खालून दुधावरच्या सायीसारखा मूळ रंग निघाला. मी पहिल्यांदाच पाहिला तो.

डिकी उघडली तेव्हा मी मागं सरकले. आत काही नव्हतं, जुनं पोतं आणि जॅक. पण मला अर्धापूरच्या केळीचा वास आला, खरंच आला. आत्याकडून निघताना तुम्ही केळीचा अख्खा घड डिकीत आडवा घालायचात. पुढच्या लांब सीटवर आपण तिघं, मी मधे, गिअर स्टेअरिंगलाच असल्यामुळं पाय अगदी मोकळे. आई घाटात डोळे मिटून बसायची. मी विचारायची, "अण्णा, ही गाडी अमेरिकेला जाईल का?" आणि तुम्ही म्हणायचात, "पेट्रोल भरून दे, आत्ता जाते." सगळा रस्ता आपल्याकडे बघत असायचा. त्या सीटवर बसलं की मला वाटायचं, आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

आणि मग तुम्ही माझी सोय केलीत. रागावू नका, पण आज बोलणारच आहे. तुमचे जावई वारले, मी लहान पोरीला घेऊन नांदेडहून परत आले, आणि तुम्ही महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाहीत, नुसते अंगणात येरझाऱ्या घालत होतात. एके दिवशी गवंडी आले. रस्त्याच्या बाजूचं सगळं अंगण भरून खोल्या काढायच्या, लातूरला शिकायला येणाऱ्या पोरींना भाड्यानं द्यायच्या, म्हणजे तुला कुणापुढं हात पसरायला नको, असं तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही. गाडी आधीच मागं कडुनिंबाखालच्या शेडमध्ये नेऊन ठेवलीत. तिच्यासाठी कडेनं बोळ सोडला, मोठं गेट सोडलं. फेटाळलेल्या नकाशावर लाल पेन्सिल मारावी तसे तुम्ही चुन्याच्या रेघा ओढत होतात. मी कपडे वाळत घालता घालता म्हटलं, "अण्णा, गेटातून जाईल, पण बोळातून शेडकडं वळायचं कसं? गाडी केवढी लांब हाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अख्खी नोकरी बांधकाम खात्यात गेली माझी. मला शिकवू नको."

दसऱ्याचा दिवस मला आत्ता दिसतोय. स्लॅब पडलाय, खोल्यांना रंग लागलाय, गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आई आरतीचं ताट घेऊन उभी. तुम्ही नवा सदरा घालून गाडी चालू करता, कोपऱ्यापर्यंत येता, आणि थांबता. मागं घेता, परत पुढं. परत मागं. पंख भिंतीला घासतो, रंगाचा पोपडा पडतो. शेजारचे बघायला आलेत, कुणी हसत नाही, हेच वाईट. मग तुम्ही गाडी मागं नेऊन बंद करता, उतरता, किल्ली सदऱ्याच्या खिशात घालता आणि म्हणता, "आता हिला रिटायर केली." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बांधकाम खात्यातल्या माणसाचं वळण चुकलं, हे या घरात परत कुणी कधी बोललं नाही. तुम्ही रोज संध्याकाळी स्टेअरिंगवर पेपर टेकवून वाचत बसायचात आणि मी खिडकीतून चहा आत द्यायची. माझ्यापायी अडकली ती, असं मला वाटायचं, आणि तुमच्यावर संतापही यायचा. दोन्ही एकदमच.

तुम्ही गेलात, पाठोपाठ आई गेली, मी राहिले. कोपऱ्यातली खोली तुम्ही मला दिली होती, तिथून गेट दिसतं म्हणून. आजही तिथंच झोपते. पोरी कधी आल्या, कधी गेल्या, कुणाला ताप आलाय, कुणाच्या बापाचा फोन. लेक आता नांदेडला कॉलेजात शिकवते. म्हणते, आई, एकदा तरी मुक्कामाला ये. मी सकाळच्या गाडीनं जाते, तिच्या हातची भाकरी खाते आणि दिवस मावळायच्या आत परत फिरते, कारण गेटची किल्ली माझ्याकडं. लेकीच्या घरात मी अजून एकदाही झोपले नाही, अण्णा. लोकं म्हणतात, बाप असावा तर असा, पोरीची जन्माची सोय करून गेला. मी हाव म्हणते.

काल डॉक्टरनं विचारलं, "ताई, विकणार का? आम्ही जपू हिला." मी म्हटलं, आधी काढून तर दाखवा. ते बोळात गेले, वाकून, पावलं टाकून बघितलं, आणि डॉक्टर हसत सुटला, "हे बांधलं कोणत्या शहाण्यानं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. आणि दात काढायचे असले तर तुमच्या दवाखान्यात काढा." बिचारा ओशाळला. म्हातारे मात्र अजून पावलं मोजत होते. म्हणाले, गाडीचे तुकडे करायचे नाहीत, गुन्हा आहे तो. मग बोट दाखवलं. "बस ये एक कमरा. ये कोने वाला हट गया, तो गाडी सीधी निकल जाएगी."

माझी खोली.

"पाडा," मी म्हटलं. इतक्या पटकन, की दोघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग सावरून म्हटलं, पोरींच्या परीक्षा होऊ द्या, मग या. मावशींनी लगेच विचारलं, "मंग ताई, तुम्ही कुठं झोपणार?" मी म्हटलं, बघू. गेटची किल्ली मावशींकडं द्यायची, हे मनात ठरलेलं होतं.

ते परत येतील की नाही, कुणास ठाऊक. शौकीन माणसं, उद्या दुसऱ्या गाडीमागं लागतील. पण गाडी त्यांनी नेली नाही तरी ती खोली मी पाडणार आहे. हा कागद दसऱ्याला गाडीची पूजा करताना तुमच्या स्टेअरिंगवर ठेवावा, असं मनात होतं. नाही ठेवणार. भिंत पाडायला मी कुणाला भीत नाही, पण हे तुम्हाला वाचून दाखवायचं म्हटलं की अजून वाटतं, तुम्ही मान वर न करताच म्हणाल, मला शिकवू नको.