भाडेकरू, मुकादम आणि माझ्या पश्चात काचेची पेटी

मी, खाली सही करणारा, धंद्याने कवळ्या तयार करणारा, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खेकड्यांसाठी मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत कशी, अशी शंका माझ्या मेहुण्यांनी काढल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी माझ्यावर कोणी अवलंबून नव्हते.

कलम १. राहते घर, दर्शनी खोलीतल्या कारखान्यासह, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावे. ती माझ्यासोबतच राहते. मेहुण्यांना, म्हणजे धाकट्या बहिणीच्या यजमानांना, त्या खोलीत पंख्यांचे गोदाम करायचे आहे. ते होणे नाही. तिथे काचेची पेटी आहे.

कलम २. मेणकामाच्या सुऱ्या, साचे आणि पॉलिशचे मशीन दातांच्या डॉक्टरीणबाईंना द्यावे. त्यांनी मला आयुष्यभर काम दिले आणि एकदाही "जरा लवकर" म्हटले नाही. बारीक कानस मात्र घरातच ठेवावी. नव्या शंखाच्या तोंडाची धार घासायला ती लागते.

कलम ३. शंखातले दोन खेकडे. थोरला भाडेकरू, धाकटा मुकादम. ही मिळकत स्थावर की जंगम, यावर वकीलबाईंशी बराच खल झाला. खेकडा चालतो म्हणून जंगम, पण घर पाठीवर आहे म्हणून स्थावर, असे माझे म्हणणे होते. चर्चा चालू असतानाच भाडेकरू त्यांच्या टेबलावरून निघून फायलींच्या मागे गेला, तेव्हा त्यांनी जंगम लिहून घेतले.

हे दोघे माझ्या भाचीचे, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीचे. ती नर्सिंग शिकायला परगावी गेली आणि जाताना म्हणाली, "मामा, थोडे दिवस सांभाळ, त्यांना काही लागत नाही." मुलगी गुणी आहे, पण हे वाक्य साफ खोटे आहे. त्यांना दमट हवा लागते, नाहीतर कल्ले सुकतात. एक वाटी गोड्या पाण्याची, एक खाऱ्या, आणि दोन्हीतले क्लोरीन काढलेले. अंग पुरून वर उरेल इतकी ओली वाळू. घर बदलायला मोकळे शंख, तेही रंग न दिलेले. फळे, अंड्याच्या कवचाचा चुरा. आणि सोबत. एकटा खेकडा झुरतो. हे मला विचारत विचारत, चुकत चुकत कळले. ताई तेव्हा त्यांना "तुझे किडे" म्हणत असे आणि पेटीकडे पाठ करून जेवत असे.

कलम ४. मेहुणे. मी त्यांना फुकट करून दिलेली कवळी त्यांना आवळते, असे ते चारचौघांत सांगतात. ती आवळत नाही, ते फार बोलतात. मुक्कामाला आले असताना त्यांनी रात्री ती कवळी भिजत ठेवायची म्हणून खाऱ्या पाण्याच्या वाटीत ठेवली. सकाळी मुकादम खालच्या दाढांवर बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. मेहुण्यांना नाश्ता कवळीशिवाय करावा लागला. तेव्हापासून त्यांचा खेकड्यांवर डूख आहे.

पुढे भाडेकरू वाळूत शिरला तो वर येईना. दिवसांमागून दिवस गेले. माझी अन्नावरची वासना उडाली. मेहुणे आले, वाकून वास घेतला आणि तो मेल्याचे जाहीर केले. घरात मढे ठेवायचे नाही म्हणून ते चमचा घेऊन वाळू उकरायला निघाले. भाचीने फोनवर बजावले होते की खेकडा कात टाकायला पुरून घेतो आणि मध्येच उकरला तर खरोखरच मरतो. मी तसे सांगितले, पण त्यांचा चमचा काही धरला नाही, कारण मलाही तो मेलाच वाटत होता.

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली. ओल्या हातांनीच तिने पेटीचे झाकण दाबून धरले.

"माझ्या घरात झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही," ती म्हणाली.

मेहुणे चमचा ठेवून गेले. ताईने त्या दिवसापासून खुर्ची पेटीकडे तोंड करून मांडली. भाडेकरू वर आला तेव्हा मी बाजारात होतो. परतलो तर ती दारातच उभी होती. तिने हाताने आत बोलावले. नव्या कातडीचा, फिकट गुलाबी भाडेकरू गाजर खात होता.

कलम ५. म्हणून दोन्ही खेकडे, पेटी व शंख ताईला द्यावेत. भाचीची याला संमती आहे. आता त्यांना हलवले तर मावशी आपल्याशी बोलणार नाही, असे तिचे म्हणणे. मेहुण्यांना काही देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा खबरदारी म्हणून मेहुण्यांनाच साक्षीदार केले आहे. मान दिला म्हणून ते खूश आहेत.

ताई माझ्याहून मोठी आहे, तेव्हा तिला आधी विचारून घ्यावे, असे वकीलबाईंनी सुचवले. ताईने त्यांना विचारले, "नीट ठेवले तर हे किती जगतात?"

"वीस-तीस वर्षंही जगतात म्हणे."

ताईने थोडा विचार केला. "मग थांबायला हवं," ती म्हणाली, आणि वाळूवर पाणी शिंपडायला उठली.

सही: कवळीवाला
साक्षीदार: १. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे कंपाउंडर २. मेहुणे (न वाचता)
स्थळ: दर्शनी खोली
दिनांक: मुकादम वाळूत शिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सर्वांनी हळू आवाजात सह्या केल्या.