धोंडीबाईच्या धवल्यांच्या दोन वह्या

प्रति,
मे. अधिकारीसाहेब,
जप्त कागदपत्र शाखा, मुरबाड.

अर्जदार : लहानी भ्रतार कमळू, वय अदमासे पंचेचाळीस, धंदा भातशेती व लग्नात धवले म्हणणे, राहणार उंबरमाळ, सिद्धगडाखाली.

विषय : सन १९३२ साली जप्त झालेल्या गाण्यांच्या दोन वह्यांबद्दल.
संदर्भ : अर्जदाराचे मागील तीन अर्ज, शाखेचे तोंडी उत्तर, गेला सोमवार.

महोदय,

१. अर्जदार बाईची सासू धोंडीबाई ही पाच वाड्यांची धवलारीण होती. त्या बाजूला लग्न धवलारणीच्या गाण्यांवाचून लागत नाही. मांडव घालण्यापासून मुलीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. ते सारे धोंडीबाईला तोंडपाठ होते. दुसऱ्या कोणाला पुरते येत नव्हते.

२. सन १९३१ च्या माघात जयराम नावाचे गृहस्थ टोकावड्याहून पायी वाडीत आले. ते राष्ट्रीय विद्यापीठाचे पदवीधर. असहकाराच्या दिवसांत मुलांनी सरकारी कॉलेजे सोडली, त्यांच्यासाठी लोकांनी हे विद्यापीठ उभे केले, सरकारची मदत घेतली नाही आणि शिकवणे मराठीत ठेवले, असे त्यांनी ओटीवर बसून सांगितले. त्याच विद्यापीठासाठी ते गाणी उतरवून घेत होते. धोंडीबाई म्हणाली, "कागदाला काय लगीन लावायचं हाय रे?" ते म्हणाले, "आजी, तुमच्यामागं ही विद्या बुडेल. आमच्याकडं राहिली तर पुढची पोरं शिकतील." मग अकरा दिवस धोंडीबाई भात कांडता कांडता गात राहिली आणि ते लिहीत राहिले. समोरच्या मुसळावर अर्जदार बाई होती. आपल्याला ऐकायला पुष्कळ दिवस आहेत, असे तिला तेव्हा वाटले.

३. पुढल्या वर्षी विद्यापीठ बेकायदा ठरले. जयराम वह्यांची नक्कल वाडीत करून द्यायला येत असता मुरबाडच्या रस्त्यावर धरले गेले व वह्या जप्त झाल्या. ते तुरुंगातून आजारी सुटले आणि वारले. धोंडीबाई त्याच सालच्या पावसाळ्यात तापाने गेली.

४. तेव्हापासून पाच वाड्यांची लग्ने अर्जदार बाईच्या गळ्यावर आहेत. मांडवाचा धवला येतो, हळदीचा येतो. पाठवणीचा निम्माच येतो. तेथे ती थांबते, नवरी पाऊल उचलून मांडवाच्या कडेला तशीच उभी राहते, आणि बायका खाली बघतात. तिच्या थोरल्या मुलीची, भागीची, पाठवणी अशीच झाली. भागी माहेरी आली की अजून म्हणते, "आये, माजं गानं पुरं नाय केलंस."

५. पहिल्या अर्जास उत्तर आले की, बेकायदा संस्थेचे कागद कशाकरिता हवेत ते लिहावे. दुसऱ्यास आले की, वह्या विद्यापीठाच्या, तरी विद्यापीठानेच मागाव्यात. बंदी उठल्यावर विद्यापीठाने मागितल्या, तर वह्यांवर त्यांचे नाव नाही असे कळवण्यात आले. तिसऱ्यास उत्तर नाही. मध्यंतरी स्वराज्य आले. प्रत्येक खेपेस जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही. गेल्या सोमवारी कारकुनांनी पेटी उघडली. वह्या आत होत्या; कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर शाबूत. कारकून सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, या तुमच्याच कशावरून? आतल्या गाण्यांची यादी, पहिल्या व शेवटच्या ओळींसह, दोन प्रतींत आणा. जुळली तर देतो." अर्जदार बाई म्हणाली, "शेवटच्या ओळी ठावं असत्या, साहेब, तर मी घरीच नसते का बसले?" त्यांनी नियम दाखवला. तिला वाचता येत नाही.

६. सबब, अर्जदार बाई वह्यांवरचा हक्क सोडून देत आहे. वह्या सरकारनेच ठेवाव्यात. मात्र शाखेतील ज्यांना सवड असेल त्यांनी त्या एकदा मोठ्याने वाचाव्यात. ती बाहेर पायरीवर बसून ऐकेल. मध्ये बोलणार नाही, दुसऱ्यांदा वाचा असे म्हणणार नाही. धाकट्या काशीचे लग्न वैशाखात आहे. वेळ थोडा असल्यास पाठवणीचा धवला तेवढा वाचावा, तोही निम्म्यापासून पुढचा.

आपली नम्र,
लहानी भ्रतार कमळू
(सही येत नाही, डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

ता. ९ फेब्रुवारी १९४८

सोबत : मागील तीन अर्जांच्या नकला.
अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले व वाचून दाखवले : वाल्मिक राघो, शाळामास्तर.