मुलाला आणि पोराले

गुरुजी, त्या पोरीला वाचता येत होतं. तुम्ही ते तेव्हाच सांगितलं होतं. मला कबूल करायला सारा जन्म लागला.

ट्रेनिंग संपवून मी पवनारच्या अलीकडच्या आपल्या शाळेत नुकताच लागलो होतो आणि तुम्ही हेडमास्तर. डिप्टीसाहेब तपासणीला येणार, म्हणून पहिलीच्या मुलांचं वाचन घेऊन यादी करायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. मी एकेकाला टेबलाशी बोलावतो आहे. मजुराची एक सात-आठ वर्षांची पोर येते, पुस्तकावर बोट ठेवते. पुस्तकात आहे, 'आईने मुलाला भाकर दिली.' ती वाचते, 'मायनं पोराले भाकर देली.' मी तीनदा वाचायला लावलं, तीनदा तिनं तेच वाचलं. तिच्या नावापुढं मी लिहिलं, 'वाचता येत नाही, अंदाजाने बोलते.' अशी आणखी पाच मुलं निघाली.

तुम्ही यादी पाहिलीत अन् तिला परत बोलावलंत. कुठल्याच पुस्तकात नसलेलं वाक्य पाटीवर लिहिलंत, 'बैलाला डोहावर नेऊ नको.' तिनं बोट फिरवलं, म्हणाली, "बैलाले डोहावर नेऊ नको." तिला जागेवर पाठवून तुम्ही हळूच म्हणालात, "मास्तर, डोयानं पाटीवरचं वाचलं अन् तोंडानं घरचं बोलली. याले वाचनच म्हणतात. तुमची माय काय म्हणते घरी, मुलाला का पोराले?" मी म्हटलं, आमच्या घरी शुद्धच बोलतात. खोटं बोललो. माझी माय आष्टीकडची, तिच्या तोंडी 'मले' अन् 'तुले'च होतं. ट्रेनिंगला सोबतचे माझ्या बोलण्याला हसायचे, म्हणून वर्षभरात मी ते जिभेवरून खरवडून काढलं होतं. त्या पोरीच्या तोंडून तेच ऐकताना मला राग आला, तो तिच्यावरचा नव्हता.

तुम्ही हुकूम केला नाहीत, यादी दुरुस्त करा एवढंच म्हणालात. मी केली नाही. उलट डिप्टीसाहेबांनी विचारल्यावर उभा राहून सांगितलं, की हेडमास्तर अशुद्ध वाचनही पास धरतात. साहेबांनी पोरांदेखत तुम्हाला सुनावलं आणि शेरेबुकात तसं लिहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सहाही मुलं पहिलीतच राहिली. पाच जण पुन्हा येऊन बसले. तिचा बाप मात्र तुमच्याकडे आला, म्हणाला, "दोन साल झाले गुरुजी. नाई येत तिले, तर नाई येत. आता वावरात येऊ द्या." तुम्ही तिच्या घरी दोनदा जाऊन आलात. दुसऱ्यांदा परतलात तेव्हा तुमचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते, अन् मी वर्गात शुद्धलेखन घालत होतो. ती पुन्हा शाळेत दिसली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर्ध्यातच होतो. अंत्ययात्रेला आलो नाही. पुढं मीही हेडमास्तर झालो. नव्या मास्तरांपुढं बोलायला मला अजून बोलावतात, आणि मी ही गोष्ट हमखास सांगतो. ऐकताना एखादी बाई डोळे पुसते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या गोष्टीत यादी करणारा मास्तर दुसराच कोणीतरी असतो, आणि पाटीवर लिहिणारा हेडमास्तर मी.