दोन दांड्यांचं यंत्र

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. घरी सगळे ठीक. पावाची भट्टी चालू आहे. अक्षर वाकडं आलं तर टेबलाला दोष दे. डुगडुगतं मेलं, कागद सारखा सरकतो, म्हणून वर किलोचं वजन ठेवलं आहे.

सहा वर्षांनी याला माझी आठवण कशी, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. गेला आठवडाभर मी लाकूड फोडायचं यंत्र बघत हिंडलो. हसू नकोस. कुऱ्हाडीने वेळ जातो, एवढंच. तुझ्या वहिनीने यापलीकडे काही कळवलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. हल्ली ती न सांगता माझ्या शर्टाची बटणं लावून देते. कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्या दुकानातलं यंत्र पेट्रोलवरचं. आपल्या बंद आवारात तो धूर कोण खाणार? सोडलं. दुसऱ्या दुकानात विजेवरचं होतं, आपल्या जाड ओंडक्यांना पुरून उरेल एवढ्या जोराचं. त्याला दोन दांडे. दोन्ही हातांनी एकदम दाबले तरच ओंडका पाचरीवर ढकलला जातो, एक सुटला की सगळं जागच्या जागी थांबतं. म्हणजे हात मध्ये सापडायची भीती नाही. मला पटलं. मी दाबले, तर यंत्र ढिम्म.

"काका, डावा नीट दाबा," विक्रेता म्हणाला.

"चाळीस वर्षं भट्टी सांभाळतोय. मला दाबायला शिकवू नका."

त्याने दाबले तर लगेच चाललं. पायाने एखादं बटण दाबलं असणार. मी वाकून पाहिलं, सापडलं नाही. लबाड माणूस.

तिसऱ्या दुकानात तेच. चौथ्यातही तेच. सगळ्या दुकानदारांनी मिळून मलाच बिघडलेली यंत्रं दाखवायचं ठरवलं होतं की काय!

चौथा मात्र फार गोड बोलला. माझ्याकडे जरा बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "डावा दांडा तारेने बांधून देतो. एका हाताने काम होईल आणि वेगही वाढेल." हे त्याने मलाच का सांगावं? माझं डोकं फिरलं. तरी तुला खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो.

तुझी वहिनी सोबत होती. ती पुढे झाली, ओंडका ठेवला, दोन्ही दांडे दाबले. ओंडका मधोमध फुटला. आता तिच्या पायाखाली मी कुठलं बटण शोधणार?

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तार बांधली की तुमचा डावा हात मोकळा. परवा तो भट्टीच्या दाराला भाजत होता. वास मला आला, तुम्हाला पत्ताही नव्हता. पाचरीपुढे गेला तर कळेल?"

दोन महिने झाले, माझी डावी मूठ वळत नाही. सोमवारी डॉक्टरकडे जातो आहे. भीती वाटते.

तू यंत्राचं नाव काढलंस तेव्हा मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो होतो, "ज्याला कुऱ्हाड जड होते त्याने दुसरं घर बघावं." तू बघितलंस. मला वाटे, यंत्राच्या निमित्ताने तुला भट्टी बळकावायची आहे. तसं काही नव्हतं. माझं चुकलं, धाकट्या.

दुसऱ्या दुकानातलं यंत्र घेतलं. दोन दांड्यांचं, तार न बांधलेलं. त्या विक्रेत्याची मनातल्या मनात माफीही मागितली. कालपासून ते आवारात झाकून ठेवलं आहे. वहिनीचे हात दिवसभर पिठात असतात आणि माझ्याने ते चालत नाही. फोडलेली लाकडं रचायला एक हात पुरतो, तेवढं मी करीन.

दोन्ही दांडे तू धर. येशील?

वाट पाहणारा,
तुझा दादा

ता. क. टेबल चांगलं भक्कम आहे.